बारा क्लबचं पाणी प्यालेल्या मिडफील्डरनं कोच व्हावं का?

प्रश्न विचारणारा आपल्या नागपूरचाच आहे. वय २७, मिडफील्डर, नऊ वर्षांत सहा संघ, डाव्या गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं ऑपरेशन एकदा झालेलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुठंच टिकलो नाही, आता कोचिंगकडे वळावं म्हणतो. डी लायसन्स, म्हणजे कोचिंगची पहिली पायरी, आत्ताच करू की खेळणं थांबल्यावर? कोल्हापूरहून एका हंगामासाठी बोलावणं आलंय, जाऊ का? आणि इतके क्लब बदललेल्या माणसाच्या हातात पोरं देणार कोण?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण झोप तोच उडवत असणार.

मी सतरा वर्षांत अकरा संघांकडून खेळलो. त्यातले चार आज शिल्लक नाहीत, दोघांकडे माझे पैसे अजून अडकलेले आहेत, आणि एका संघाचा मॅनेजर मला शेवटपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारायचा. मीही ओ द्यायचो. 'टिकत नाही' हा शिक्का माझ्यावरही होता. पण बाबा, आपल्याकडे खेळाडू टिकायच्या आधी संघ तर टिकायला हवेत! फगवाड्याच्या जेसीटीनं पहिलीच राष्ट्रीय लीग जिंकली होती, १९९६-९७ ची. २०११ मध्ये संघ बंद. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा विजेता, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी आणि मुंबई एफसी दोन्ही २००७ मध्ये उभे राहिले आणि दहाएक वर्षांत दोन्हींचा कारभार आटोपला. असा एकेक संघ गेला की वीस-पंचवीस जण एकदम बाजारात येतात आणि खालच्या संघांमधल्या तुझ्यामाझ्यासारख्यांना ढकलतात. त्यातही मधल्या फळीवाला आधी जातो. पुढच्याचे गोल मोजता येतात, मागच्या फळीतल्या स्टॉपरची उंची दुरून दिसते. मधला काय करतो हे दहा वर्षं मॅच पाहणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

म्हणून सहा संघ म्हणजे सहा वेळा हाकललं असा हिशोब आधी बंद कर. कोच म्हणून तुझ्याकडे जे भांडवल आहे ते त्या सहा संघांतच आहे. कसं ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो.

मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो तो कोल्हापूरला. तिथं फुटबॉल पेठेचा, तालमीचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींच्या संघांची नावं ऐकली की पूर्ण गावाचा पारा चढतो. शाहू स्टेडियमवर माझ्या दुसऱ्याच मॅचला मी बॉल पायाखाली घेतला, मान वर केली, कुठं द्यायचा ते पाहिलं, तेवढ्यात गॅलरीतून आवाज: "अरं विचार काय करतोस, लग्नाला मुलगी बघतोयस काय?" सगळा स्टँड हसला. मला घाम फुटला. पुढचे तीन बॉल मी न बघता पुढं भिरकावले आणि टाळ्या घेतल्या. हंगाम संपताना निकाल काय, तर 'पोरगा चांगला आहे, पण सुस्त आहे'.

दोन वर्षांनी गोव्यात एका छोट्या क्लबला ट्रायल दिली. तोच मी, तेच पाय, उलट थोडा जाडच झालो होतो. तिथला म्हातारा कोच पंधरा मिनिटं पाहत राहिला आणि म्हणाला, या पोराला घाई नाही, याला ठेवा. कोल्हापुरात जो सुस्त होता तो गोव्यात शांत ठरला. पुढं कोलकात्याच्या मैदानावर खालच्या डिव्हिजनला खेळलो. तिथं लीग ऐन पावसाळ्यात, चिखल घोट्यापर्यंत. बॉल जमिनीवर सरकतच नाही, तर माझी शांती काय कामाची? तिथं मी नुसता 'धक्का खातो आणि पडतो' असा. प्रॅक्टिसनंतर क्लबच्या तंबूत स्ट्यू आणि पाव खाताना विचार करायचो की माझा खेळ नक्की कसा आहे, कारण दर गावी वेगळं उत्तर मिळत होतं.

एकाच क्लबात पंधरा वर्षं काढलेल्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या क्लबात जे चालतं तेच त्याच्यासाठी फुटबॉल. पुढं तो कोच होतो तेव्हा जो पोरगा त्यात बसत नाही तो त्याच्या लेखी 'खेळाडूच नाही'. फिरलेल्या माणसाला एवढं तरी कळलेलं असतं की खोट कधी पोरात असते, कधी मैदानात, कधी कोचच्या डोक्यात. हे ओळखणं हेच निम्मं कोचिंग आहे असं माझं मत. काही जणांना ते पटत नाही, ते डावपेचांचे बोर्ड घेऊन फिरतात. फिरू दे.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे नुसती पुडी वाटायला नको.

माझ्याकडे चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा आला, मधल्या फळीतला. पाय सोन्यासारखे, पण पास येताना मान खाली. मागून कुणी आलं की बॉल गेलाच. मिडफील्डरनं बॉल येण्याआधी खांद्यावरून मागं पाहून घ्यायचं, हे तुलाही प्रत्येक कोचनं सांगितलं असेल. नॉर्वेचे संशोधक गेयर जॉर्डेट यांनी तर मोठमोठ्या मिडफील्डरांच्या मानाच कॅमेऱ्यावर मोजल्या. जास्त वेळा मागं पाहणाऱ्यांचे पुढचे पास जास्त नेमके पडतात असं त्यांना दिसलं. मीही नेहमीचा उपाय केला. पोराच्या मागं दहा पावलांवर उभा राहिलो. समोरून पास निघायच्या सुमारास मी बोटं वर करायची आणि पहिला टच घेण्याआधी त्यानं किती बोटं ते ओरडायचं.

वीस पासांत सोळा वेळा त्यानं 'तीन' म्हटलं. "तीनच काहून बे?" मी विचारलं. तो खरंच गोंधळला. "सर, तुमी पयल्यांदा तीन दाखवले होते ना, म्हणून तेच सांगून राहिलो."

शहाणा एवढा की न बघता उत्तर ठेवायचा, पण बॉलवरून डोळे हटवायला तयार नव्हता. पंधरा दिवस मी त्याच्यावर ओरडलो. मग एक दिवस मी स्वतः त्याच्या जागी उभा राहिलो आणि त्याच्याच दोस्ताला पास द्यायला सांगितलं. मार्च महिना. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोकिलोनं चिकटते, आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. बॉल सरळ आला, भेगेवर आदळला आणि माझ्या नडगीवर बसला. दुसरा गुडघ्यापर्यंत उडाला. पुढचे चार-पाच पास मीसुद्धा बॉलकडेच टक लावून घेतले! या मैदानावर मान वळवणारा पोरगा बॉल घालवणार, शिव्या खाणार, आणि पुढच्या वेळी मान वळवणार नाही. तो चुकत नव्हता. मैदानानं त्याला जे शिकवलं ते तो इमानेइतबारे करत होता. आणि म्हणूनच आपल्याकडच्या पोरांची छाती आणि मांडी बॉल घ्यायला फार छान बसलेली असते, हेही तेव्हाच डोक्यात आलं. उडता बॉल ते लहानपणापासून झेलत आलेले असतात.

मग मी त्याला महिनाभर आठवड्यातून दोन दिवस एका शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर नेलं. तिथं बॉल दगा देत नाही. तीन दिवसांत बोटांचे आकडे बरोबर यायला लागले. नंतर परत मातीवर आणलं, पण पास देणाऱ्याला आणखी जवळ उभं करून. आणि मान कधी वळवायची ती वेळ बदलली: पास तुझ्याकडे निघाल्यावर नाही, तो पास देणाऱ्याकडे जात असताना. तेव्हा बॉल कुणा दुसऱ्याची डोकेदुखी असतो, तेवढ्यात आपण मागं पाहून मोकळं व्हायचं. गोव्याची हिरवळ आणि कोलकात्याचा चिखल या दोन्हींवर पडलो नसतो, तर मी त्या पोराला आळशी ठरवून बाकावर बसवलं असतं. मला कोल्हापुरात बसवलं तसंच.

भांडवलाचं झालं. आता दुसरी बाजू, ती जरा कडू आहे.

खेळता येणं आणि शिकवता येणं यांचा संबंध तुला वाटतो त्यापेक्षा खूप कमी आहे. २०१३ मध्ये मी पहिल्यांदा शिट्टी गळ्यात घातली, १२ वर्षांखालची बावीस पोरं, दीड तास. मला वाटलं झकास झालं. मैदानाची राखण करणारे एक काका होते, ते म्हणाले, "सर, तुमी लय बोलता." राग आला. पण दुसऱ्या दिवशी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून खिशात ठेवला आणि घरी ऐकला. पहिल्या दहा मिनिटांत 'अरे' सव्वीस वेळा. दीड तासातली चाळीस मिनिटं माझंच भाषण, त्यातली दहा मी कुठं कुठं खेळलो त्याची. पोरं रांगेत उभी, एकेक जण येतो, एक शॉट मारतो, परत रांगेत. एका पोराच्या पायाला दीड तासात बॉल किती वेळा लागला असेल याचा अंदाज केला आणि बायकोला म्हटलं, मी यांच्या आईबापांचे पैसे चोरून राहिलो. आजही महिन्यातून एकदा मी स्वतःला रेकॉर्ड करतो. 'अरे' अजून गेलेलं नाही, पण रांगा गेल्या. चार-चारचे गट, लहान मैदान, दोन छोटे गोल, आणि मी बाजूला.

हे लवकर शिकायचं असेल तर खेळत असतानाच कोचिंग सुरू कर. म्हणून डी लायसन्स आत्ताच. खेळणं संपल्यावर येणारे माझ्या बॅचमध्ये निम्मे होते. ते कोच व्हायला आले नव्हते, दुःख विसरायला आले होते. त्यांचं शिकण्यात लक्ष नसतं. तू अजून खेळतोयस, म्हणजे सकाळी जे शिकशील ते संध्याकाळी स्वतःच्या मॅचमध्ये पाहशील. शिवाय पाय चालतायत तोवर पोरांना करून दाखवता येतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी दाखवायला गेलो की पोरं नम्रपणे दुसरीकडे बघतात.

लायसन्सची शिडी तुला माहीत असेलच: डी, मग सी, बी, ए आणि वर प्रो. डी आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, सीपासून पुढं आशियाई फुटबॉल महासंघाची मान्यता. एका पायरीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही, मध्ये प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. म्हणून ज्याला पस्तिशीत बी हवं त्यानं सत्ताविशीत डी करावं, साधा हिशोब आहे. डीमध्ये फुटबॉल फारसा नवा शिकशील असं नाही. सत्राची आखणी कागदावर करायला शिकशील, आणि परीक्षेत पोरांसमोर उभं राहून ती चालवायची असते. तिथं भले भले खेळाडू अडखळतात. सरकारी नोकरीत कोच व्हायचं मनात असेल तर पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एनआयएसचा, डिप्लोमा वेगळा. ती संस्था १९६१ पासून आहे आणि सरकारी जाहिरातींत तिचाच डिप्लोमा पुष्कळदा मागतात. दोन्ही एकदम करायला जाऊ नकोस, पैसे आणि रजा दोन्ही पुरत नाहीत.

पैशांचं घाईत सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. माझा पहिला पगार महिना ६,००० रुपये, शाळेत, तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद. आजही नागपुरात बहुतेक कोच दोन-तीन ठिकाणी धावतात: सकाळी अकॅडमी, दुपारी शाळा, रविवारी क्लब. पेट्रोलचा खर्च आधी मोजून ठेव. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, तुझी राज्य पातळीची प्रमाणपत्रं असतील तर त्यांची पडताळणी आधी करून घे; वय निघून गेल्यावर ती नुसती फ्रेम करायच्या कामाची. ही कामं खेळाडू पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहतो. मीही केलं.

कुणाकडे पाहून हुरूप धरायचा असेल तर खालिद जमील. तोही मधल्या फळीतलाच. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या तीन संघांकडून खेळला, आणि राष्ट्रीय लीगमध्ये आज तिन्हींपैकी एकही नाही. खेळणं संपलं त्याच क्लबात, मुंबई एफसीमध्ये, २००९ मध्ये कोच म्हणून उभा राहिला आणि अनेक वर्षं त्या संघाला कसंबसं वर तगवून ठेवलं. त्याचं फारसं कौतुक झालं नाही. मग २०१६-१७ मध्ये आयझॉलला गेला. तो संघ आदल्या मोसमात खाली घसरला होता, पुन्हा आत घेतला गेला होता, आणि त्यांनी थेट आय-लीग, म्हणजे नाव बदललेली राष्ट्रीय लीगच, जिंकली; ३७ गुण, मोहन बागानपेक्षा एकच जास्त. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो भारताचा मुख्य कोच झाला. लोक आयझॉलची गोष्ट सांगतात. मला मुंबईतली ती वर्षं जास्त मोलाची वाटतात, जेव्हा हातात पैसा कमी, खेळाडू दुसऱ्यांनी सोडलेले, आणि काम एवढंच की बुडायचं नाही. दुसऱ्यांनी सोडलेल्या खेळाडूंकडून काम कसं करून घ्यायचं हे स्वतः फिरलेल्यालाच चांगलं कळतं. तू त्याच्यासारखा होशील असं म्हणत नाही. मी झालो नाही.

आणि आपल्याच गावातलं. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं, ते तू पाहिलेलंच आहेस. तिथं, कामठीच्या रब्बानीच्या मैदानावर, मोतीबागेत, जिथं मिळेल तिथं फुकट मदतनीस म्हणून दोन-तीन महिने उभा राहा. संघ ओळखायला घालतात ते बिब गोळा कर, कोन मांड, चुन्याची रेषा मार. कामठीत तर मैदानाच्या कडेला बसलेला प्रत्येक चाचा कोच असतो. त्यांचं ऐक. दहातल्या सात गोष्टी टाकाऊ निघतील, तीन अशा असतील की कुठल्या कोर्सात मिळणार नाहीत.

एक सावधानता. पहिल्या दोन वर्षांत कुणीतरी तुझ्याकडे मिसरूड फुटलेला पोरगा घेऊन येईल आणि दाखल्यावर वय १३ असेल. आईबाप आणतील, कधी संघाचाच माणूस आणेल. स्पर्धा जिंकायची घाई तुलाही असेल. मी एकदा डोळेझाक केली होती. पुढच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ या पद्धतीनं हाडांचं वय तपासलं, पोरगा बाद झाला. तो नाही रडला. माझ्या संघातला खरा तेरा वर्षांचा पोरगा, ज्याच्या जागी मी याला खेळवलं होतं, तो रडला. त्याच्या बापाला मी काय सांगितलं ते इथं लिहायची लाज वाटते.

राहिला गुडघा आणि कोल्हापूर.

गुडघ्याबद्दल मी डॉक्टर नाही, पण एक गोष्ट स्वतःच्या अंगावरून सांगतो. एका क्लबनं मला फायनलच्या आदल्या दिवशी इंजेक्शन मारून खेळवलं होतं. कुठलं ते मला आजही माहीत नाही, मी विचारलं नाही. दुखलं काहीच नाही, हेच वाईट झालं. नव्वद मिनिटं मी त्या गुडघ्यावर धावलो आणि पुढचे सात महिने जिना चढताना कठडा धरला. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, ताकद दोन्ही पायांची सारखी आहे का, हे फिजिओकडून मोजून घे आणि आकडा कागदावर लिहून घे. 'बरं वाटतं' चालणार नाही. सरावाआधी फिफा ११+ हा दुखापती टाळण्यासाठीचा वीस मिनिटांचा वॉर्मअप रोज, एकटा असलास तरी. तो फुकट आहे, बॉल सोडून काही लागत नाही. आपले पोरं त्याला 'मॅडमची पीटी' म्हणून हसतात. हसू दे.

गुडघ्याचा कागद चांगला आला तर कोल्हापूरला जा. एक हंगाम. अर्धे पैसे हातात आल्याशिवाय रेल्वेत बसायचं नाही, राहायची खोली कोण देणार आणि जखम झाली तर दवाखान्याचं बिल कुणाचं हे लिहून घे. तोंडी 'बघू की' म्हणाले तर ते बघत नाहीत, मी अनुभव घेतलाय. डी लायसन्सची तारीख हंगामाच्या आधी मिळत असेल तर उरकून जा, नाहीतर परत येताच. आणि एक वही घे. दर मॅचनंतर झोपायच्या आधी एवढंच लिही: आज कोचनं कुणाला काय सांगितलं, आणि त्यानं ते केलं का. स्वतःच्या खेळाबद्दल एक ओळही नको. माझ्याकडे अशी वही शेवटच्या दोनच हंगामांची आहे. आधीच्या नऊ संघांचं जे आठवतं त्यात माझेच पास जास्त आहेत, आणि ते आता कुणाच्या कामाचे नाहीत.

शाहू स्टेडियमवर गॅलरीतून कुणी काही ओरडलं तर तेही लिहून आण. मला वाचायचंय.